रविनाच्या वेबसाइटवर कोण येतं?

परत कामावर येणार का, हे रविनाला पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ठाण्यातल्या कुरियर ऑफिसात ती चार वर्षं होती. तिथले साहेब तिची खुर्ची तोवर रिकामी ठेवून बसले होते. होळीला ती मोखाडा रस्त्यावरच्या आपल्या पाड्यात परतली. जव्हार बघायला येणाऱ्यांसाठी तिने घराच्या दोन खोल्या सारवून-रंगवून तयार केल्या, वेबसाइट करून घेतली आणि फोनची वाट बघू लागली.

"ताई, रोज दोनशे माणसं वेबसाइट बघतात आणि फोन एकाचाही नाही! माझा फोटो लावलाय म्हणून का?"

जव्हारच्या स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणारी दीप्ती हसली. "फोटो छान आहे गं. मोजणारं सॉफ्टवेअर मठ्ठ आहे. पान कितीदा उघडलं, एवढंच त्याला कळतं. दुसरं निवडू."

दीप्तीने तीन सॉफ्टवेअर दाखवली. पहिल्यात तीस रंगीत आलेख. रविना म्हणाली, "ह्याच्यावर विमान चालवतात काय?" दुसरं तर माणूस आपल्या वेबसाइटवरून निघून आणखी कुठे कुठे जातो, तेही सांगायला तयार. "लोकांच्या मागे फिरायचं? पाड्यात कुणी असं केलं तर मार खाईल." तिसरं साधं होतं. किती जण, कधी, कुठल्या पानावर किती वेळ, आणि कुठून परत गेले.

"हेच लाव. आठवडाभर बघते. त्याच्यावरच ठरवीन ठाण्याचं."

शनिवारी दीप्तीने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "काल दोनशे चौदा वेळा उघडलं. पण मोबाइल चाळीसच. सगळे मुंबईचे. सगळे संध्याकाळी सहाला येतात, चार सेकंदांत जातात, परत येतात."

"मुंबईत सहाला काय असतं?"

"मुंबईच असेल असं नाही. मोबाइलची लाइन तिकडून जाते, त्यामुळे इथला फोनही मुंबईचा दिसतो."

रविना उठलीच. सहाला पाड्यातली माणसं काम आटपून टेकाडावर चढतात. रेंज फक्त तिथेच.

गाडीतून उतरून ती तडक टेकाडावर गेली. अख्खा पाडा फोन हातात घेऊन उभा. मधोमध रखमीकाकी, कवायतीच्या मास्तरासारखी.

"उघडा! झाला? आता बंद! परत उघडा!"

"काकी, हे काय चाललंय?"

"तुझी हजेरी लावतोय. मांडव रिकामा दिसला तर बरा वाटल काय? तूच म्हनलीस, आकडा वर जाया पायजे. मंग पाच-पाच येळा येतो आमी."

"मी सहा येळा," म्हातारा माघ्या म्हणाला. "परवा ताप होता, तरी आलो."

रविना तिथेच बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

रविवारी दीप्ती लॅपटॉप घेऊन टेकाडावर आली. हे चाळीस फोन मोजणीतून वगळायचे होते. रांग लागली.

"पोरी, माझा फोन काढू नको हां. रेशनचा मेसेज येतो त्याच्यावर," काकी म्हणाली.

"फोन राहील, काकी. फक्त तुम्हाला मोजणार नाही."

"म्हंजे आलो तरी नाय आलो?"

रविना म्हणाली, "घरची माणसं पाहुण्यांत मोजतात का गं कधी?" काकीला हे पटलं.

सगळे वगळून आठवड्याचा आकडा आला. नऊ. 

"आमीच बरे होतो," माघ्या पुटपुटला.

"थांबा की! हे नऊ जण दहा-दहा मिनिटं थांबलेत," दीप्ती म्हणाली. "खोल्या बघितल्या, नागलीची भाकरी बघितली, मग 'कसे याल' उघडलं. त्यातले सात तिथूनच परत गेलेत."

रविनाने ते पान उघडलं. एक नकाशा, त्यात जंगलात टोचलेली टाचणी. ना गाडीचं नाव, ना फाट्याचं.

काकीने कपाळाला हात लावला. "अगं, वाटच सांगितली नाय, तर माणूस येल कसा?"

मग चाळीस जण एकदम वाट सांगू लागले. जव्हार स्टँडवरून मोखाड्याची गाडी. कंडक्टरला आधीच सांगा. फाट्याला उतरा. ओहोळाच्या डाव्या अंगाने वर या.

"कुत्रा भुंकतो, चावत नाय, असा लिव."

"चावतो!"

"एकदाच चावला. तो पन माझ्या जावयाला!"

रविना सगळं टाइप करत गेली.

सोमवारी दहा वाजता ती टेकाडावर असताना ठाण्याचा फोन आला.

"तो आ रही है ना? उधर कितने कस्टमर आए?"

"एक भी नहीं, सर."

"फिर?"

"कहाँ से वापस जाते हैं, वो समझ में आ गया. मेरी कुर्सी किसी और को दे दो."

 साहेबांचा आवाज मऊ झाला. "बच्चों को लेके आना हो तो... कैसे आने का?"

"वेबसाइट पे लिखा है, सर," रविना म्हणाली. "कलच लिखा."