थोपटणारा हात

आता हसू येतं, पण अनिकेतला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आहे की देवळातला खांब. माझ्या भाचीचा, अंबुजाचा, नवरा. मूळचा साताऱ्याचा, राहतो चेन्नईत, वेलचेरीला. लग्नात आम्ही तंजावरकडच्या मराठी बायकांनी इतकी थट्टा केली, पण गडी ओठ हलवेल तर शपथ.

हा खांब हलला तो लेक झाली तेव्हा. जन्मल्यावर ती रडलीच नाही, आणि मग तिला फिट्स येऊ लागल्या. काचेच्या पेटीत ठेवलं, डोक्याला बारीक वायरी लावल्या. मेंदूच्या रेघा पडद्यावर सरकायच्या आणि फिटसारखं काही दिसलं की मशीन आपणहून तिथे लाल पट्टा ओढायचं. अंबुजा वरच्या मजल्यावर पडून, म्हणून पेटीपाशी हा आणि मी.

लाल दिसलं की हा आत हात घालून लेकीला थोपटायचा. याची आई याला तसंच थोपटायची म्हणे. लाल काही हटेना, तसा हा आणखी थोपटायचा.

"आत्या, थांबतच नाही हो," एवढंच म्हणायचा. माझ्यासारखीला चेष्टा सुचेना, म्हणजे बघा.

डॉक्टर म्हणाले, दुसरं, जोरकस औषध द्यावं लागेल, त्याने श्वास मंदावू शकतो. देण्याआधी त्यांनी मशीन सांभाळणाऱ्या नीलमला बोलावलं. तिने रेघा आणि पेटीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र शेजारी शेजारी लावलं, आणि अनिकेतला म्हणाली, "सर, जरा हात काढा."

काढला. लाल विरळ झालं. थोपटण्याच्या ठेक्याने पोरीचं डोकं हलत होतं, आणि मशीन त्यालाच फिट समजत होतं.

दुसरं औषध टळलं. पण लाल सगळं गेलं नाही. उरलेल्या फिट्स खऱ्या होत्या, आणि पोरीचं पुढे काय, ते कोणी सांगेना. अनिकेत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

मग म्हणाला, "नुसता ठेवतो."

"नको रे. परत लाल होईल."

"थोपटणं वेगळं, ठेवणं वेगळं."

"हात तो हातच, जावईबापू."

"नाही आत्या. वेगळं."

नीलमने मान डोलावली. त्याने तळवा लेकीच्या इवल्या पावलांवर टेकवला, स्वतःचा श्वाससुद्धा धरून. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. रेघा सरकत राहिल्या, नुसत्या काळ्या.

"बघा," खांब पुटपुटला. "ठेवणं वेगळं."