लेकीचं औषध
शेजारची पोरगी दारात बसून नखांचा रंग पुसायली की त्या वासानं मला नांदेडची प्रयोगशाळा आठवते. माझी लेक तिथं कॅन्सरवरच्या नव्या औषधाचं संशोधन करायची. तिची माय लातूरच्या दवाखान्यात कॅन्सरनंच पडलेली, अन् डॉक्टरांनी हात टेकलेले. "माझी लेकच औषध बनवती," असं साऱ्या वॉर्डाला सांगून बायकोनं मला एसटीनं नांदेडला पाठवलं. लेकीनं बोटाएवढी बाटली दाखवली, तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. "बाबा, हे अजून औषध न्हाई. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर चाललं, एवढंच. उंदरालासुद्धा दिलं न्हाई." मी म्हणलं, "मग तुझ्या मायला दे. ती मरायलीच हाय." "अन् याच्यानंच आज गेली तर?" "तर गेली!" मी टोपी काढून पोटच्या पोरीच्या पायावर ठेवाया वाकलो. तिनं हातमोज्यातल्या हातांनी मला धरलं, लई रडली, पण बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. लातूरला बायकोनं मला पाहताच हात पुढं केला. मी म्हणलं, "तयार न्हाई झालं अजून." तिनं हात पांघरुणात घेतला अन् बाजूच्या खाटेवरच्या बाईला म्हणली, "खऱ्या औषधाला वेळ लागतो, बाई." त्याच आठवड्यात ती गेली. परवा लेकीचा फोन आला. ती भुकटी उंदरांनाही सोसली न्हाई म्हणे, आता दुसरी बनवायली. म्हणलं, कर सावकाश. आपल्या घरात आता कुणाला घाई न्हाई.