एका चांगल्या शब्दाची वाट लागली

सेटवर सगळे त्यांना 'सर' म्हणत, घरी बायको 'अहो' म्हणे. दोन सिनेमांच्या मध्ये ते साबणाच्या जाहिराती करत, पण त्याबद्दल कुणी काही म्हणत नसे. दर शनिवारी संध्याकाळी ते आणि त्यांच्यासारखेच दिग्दर्शक असलेले तीन मित्र एका एडिटिंग रूमवर जमत आणि सिनेमाच्या कलेवर चर्चा करत. चर्चा म्हणजे प्रत्येक जण स्वतःच्या सिनेमावर बोले आणि बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत.

एकमेकांचे सिनेमेही बघितले जात. तोंडावर वाईट बोलायचं नाही हा शिरस्ता, त्यामुळे तिथे एक निराळीच भाषा तयार झाली होती. 'धाडसी' म्हणजे प्रेक्षक अर्ध्यातून उठणार. 'छायाचित्रण सुरेख' म्हणजे बाकी सगळा आनंद. आणि 'प्रामाणिक' म्हणजे कारभार आटोपला. हा शेवटचा शब्द खुद्द सरांची देणगी. घरी आल्यावर ते बायकोला सांगत, "आज अण्णांचा सिनेमा प्रामाणिक निघाला!" आणि दोघं पोट धरून हसत.

बायको एके काळी नाटकात कामं करायची. पुढे पोरं, सासूबाईंचं आजारपण यात ते मागे पडलं ते पडलंच. या नव्या सिनेमात सरांनी तिला उभं केलं. प्रसंग एवढाच, की नवरा वारल्यावर एक बाई त्याचा शर्ट इस्त्री करते, घडी घालते आणि कपाटात ठेवायच्या ऐवजी पुन्हा उलगडून बसते. निर्माता म्हणाला, "हे काढा, लोक घोरतील." सरांनी ठरवलं, मित्र म्हणतील तसं. स्वतःचं मत असणं त्यांना कधीच फारसं परवडलं नव्हतं.

"काय म्हणतात ते खरं सांगा हं," शनिवारी निघताना बायको म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून पदरचं घालू नका."

प्रसंग संपला, दिवे लागले. कॅमेरा एकदा लावला की बंद करायचा विसरणारा, म्हणून 'लाँगटेक', तो म्हणाला, "शर्टावरून आठवलं, माझ्या सिनेमात…" परदेशी महोत्सवांशिवाय कुठेच न दिसणारा 'फेस्टिव्हल' म्हणाला, "इस्त्रीची वाफ काय टिपलीय! छायाचित्रण सुरेख." राहिले अण्णा. त्यांनी मान हलवली आणि जुना हिशेब चुकता केला, "वहिनींचं काम प्रामाणिक आहे."

रस्ताभर सर चडफडत होते. बाई शर्ट उलगडते तेव्हा हा आपलाच सिनेमा आहे हेही ते विसरले होते आणि ही गाढवं वाफ बघत होती! प्रसंग राहणार, मग निर्माता गेला खड्ड्यात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणालाही न विचारता एखादी गोष्ट आवडली होती. कधी एकदा घरी जाऊन तिला सांगतो असं त्यांना झालं.

बेल वाजायच्या आत दार उघडलं. "काय म्हणाले?"

"त्यांना सोड. मी काय म्हणतो ते ऐक. अगं, इतकं खरं, इतकं… इतकं प्रामाणिक काम मी…"

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. दुसरा शोधायला गेले, तर एकही धड उरला नव्हता.

"अगं, तसं नाही! खरंच प्रामाणिक!"

बायको हसली नाही. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"असू द्या," ती म्हणाली. "छायाचित्रण तरी सुरेख आलंय ना?"