शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या

माझ्या नवऱ्याच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या पावण्यांच्या पायाचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं. दोघांच्या जखमा दवाखान्यातच चिघळल्या. पावण्यांची गोळ्यांनी भरून आली. माझ्या नवऱ्याची कशानंच भरेना, आणि पाय राहतो की जातो हे डॉक्टरही सांगेनात. पावण्यांची बायको इचलकरंजीची, मोठ्यानं हसायची. तिचं हसणं मला टोचायचं. सगळं हिलाच कसं मिळतं, असं वाटायचं.

घरी जाताना तिनं उरलेल्या गोळ्या माझ्या हातात कोंबल्या. "घ्या की अक्का, आमच्यास्नी गुण आलाय. बरं वाटलं म्हणून त्येंनी सोडल्या."

तिच्याकडचं काहीतरी अखेर मला मिळालं होतं. मी नवऱ्यासाठी पाणी ओतलं, तेवढ्यात सिस्टरनं पाहिलं.

"मावशी, तुमच्या जंतूला ही गोळी म्हणजे भडंग. कितीबी चारा, मरायचा न्हाय. आणि त्यांनी अर्ध्यात सोडल्या तर त्यांचाबी असाच निगरगट्ट व्हईल."

होऊ दे, असं माझ्या मनात आलंच. पण ड्रेसिंगच्या वेळी उशी चावणारा माझा नवरा डोळ्यांसमोर आला आणि मी जिना उतरून धावले.

"अवो, ह्या संपवायच्या हायत!" मी फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते.

तिनं हसत गोळ्या घेतल्या. तिचा नवरा स्वतःच्या पायानं रिक्षात चढला. ते मात्र मला बघवलं नाही.