पुठ्ठ्याचा तास

प्राथमिक शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी साठतात: पुठ्ठे आणि किस्से. पुठ्ठे आमचे हे दर दिवाळीला रद्दीवाल्याला देऊन टाकतात. किस्से कुणी नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी मूळची चाकूरची, शाळा मुदखेडजवळच्या खेड्यात. वेळापत्रकात माझ्या तासाला 'कला, कार्यानुभव व तंत्रज्ञान' असं भारदस्त नाव आहे. पोरं म्हणतात, "पुठ्ठ्याचा तास!"

*

तिसरीला सांगितलं, रेल्वेचं चित्र काढा. जंक्शन जवळच, त्यामुळं सगळ्यांनी भराभर इंजिन, डबे, खिडक्या काढल्या. सानियाच्या कागदावर नुसता एक चौकोन आणि त्यावर मोठ्ठी पिवळी फुली.

"हे काय गं?"

"गाडीच हाय, बाई. शेवटचा डबा."

"आणि बाकीची गाडी?"

"अब्बा घरून लई उशिरा निघतेत. आम्ही पोचतो तवा एवढीच दिसती!"

*

चौथीला डिझाइनचं काम दिलं: शाळेतली एक अडचण शोधा आणि टाकाऊ वस्तूंतून सोडवा.

पहिलीच्या पोरांचा हात नळापर्यंत पोचत नव्हता. वैष्णवीच्या गटानं प्लॅस्टिकची बाटली उभी चिरून पन्हाळीसारखी तोटीला बांधली. पाणी थेट लेकरांच्या हातावर! हेडमास्तर भले, पण नियमाचे पक्के.

"हे कुणाला विचारून लावलं?"

वैष्णवी म्हणाली, "पहिलीच्या पोरांना विचारून, सर!"

बाटली अजून तिथंच आहे.

*

पुठ्ठ्याचे पूल केले होते. कुणाचा किती वजन पेलतो, ते विटा ठेवून बघायचं. बालाजीचा पूल सगळ्यांत देखणा. कठडे, झेंडे, पताका. मी वीट उचलली, तसा तो आडवा आला.

"बाई, वीट नका ठेवू! ह्यो पूल वजनाचा न्हाई, उद्घाटनाचा हाय!"

*

आता हा शेवटचा.

पद्मा देगलूरकडून आमच्या चौथीत आली. घरी तेलुगू. जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर.

एके दिवशी मी रोबोट झाले होते. पोरांनी सूचना द्यायची, तेवढंच मी करायचं. कॉम्प्युटरला काम कसं सांगतात ते कळावं म्हणून. "तीन पावलं पुढं!" "डावीकडं वळा!" "पुढं, पुढं!" मी भिंतीला नाक लावून उभी, आणि दारात शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख!

"मॅडम, हे काय चाललंय?"

मी गप्प. बोलायची सूचनाच नव्हती. पोरांसमोर नियम मोडायचा कसा?

"मॅडम, मी तुमच्याशी बोलून राहिलो!"

सरांचा आवाज चढला. मागच्या बाकावरून पद्मा उठली.

"सर, बाईंमध्ये बोलायचं अजून टाकलं न्हाई."

सर तिच्याकडं वळले. मग हसू दाबत म्हणाले, "मग टाक की तू."

पद्मा पुढं आली. माझा पदर ओढून खणखणीत म्हणाली, "बाई, बोला!"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

पद्मानं जरा वाट बघितली आणि सरांकडं वळली.

"सर, बिघडलं वाटतं!"