किल्ल्याखाली बसलेल्या आत्या

लहान मूल बरोबर असलं की आत्या कधी पुढे चालत नसत. त्या त्याच्या मागून, त्याच्याच चालीनं चालायच्या. मूल थांबलं की थांबायच्या, खाली बसलं की पदर खोचून शेजारी उकिडव्या बसायच्या. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "त्याचं बघून होऊ दे हो."

या माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या आत्या. तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. आत्यांनी लग्न केलं नाही. मालगुंडला शाळेत शिकवत त्यांनी त्याला वाढवलं.

सुहासच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत राहत होतो. मार्क जाऊन नुकते युरो आले होते, त्या वर्षी आत्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. निनाद तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता, पण अजून एकही शब्द बोलला नव्हता. आठवड्याभरातच तो सकाळी उठला की माझ्याकडे न येता त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहायला लागला. फोनवर मी माझ्या आईला हे कौतुकानं सांगायची. आतून मात्र जळायची.

एका शनिवारी आम्ही ऱ्हाइन नदीकाठच्या एका लहानशा गावी दोन दिवसांसाठी गेलो. तिथला डोंगरावरचा किल्ला मला बघायचा होता. त्याचं चित्र कॅलेंडरवरून कापून मी स्वयंपाकघरात लावलं होतं. आत्या साडीवर सुहासचा जुना कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून निघाल्या. गावात शिरलो आणि निनादला एका भिंतीवर गोगलगाय दिसली. झालं! दोघं तिच्यापुढे बसले. अर्धा तास गेला. मी म्हटलं, "आत्या, आज किल्ला दुपारीच बंद होतो." त्या मान न वळवता म्हणाल्या, "अगो, ती वर पोचत्ये आता. त्याचं बघून होऊ दे." सुहास हसत होता. "मलाही आत्या असंच फिरवायची," म्हणाला. त्या दिवशी किल्ला राहिला.

दुपारी नदीकाठी जेवायला बसलो. मी चमचा पुढे केला की निनाद तोंड घट्ट मिटायचा. आत्यांनी डब्यातल्या मऊभातात मेतकूट कालवलं आणि त्यांच्या हातून त्यानं मुकाट्यानं सगळा भात खाल्ला. नंतर बोटीवर तो पळताना पडला, गुडघा खरचटला. मी हात पसरून खाली बसले होते, अगदी त्याच्या समोर. तो रडत माझ्या बाजूनं पुढे गेला आणि आत्यांच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभा राहिला.

संध्याकाळी उतरलो होतो त्या घरी मी बोलले. सुहास सामान आणायला खाली गेला होता. "आत्या, उद्याचा दिवस त्याला माझ्याकडे राहू द्या. त्याची आई मी आहे."

निनादचे मोजे घडी करत होत्या त्या. "हो गो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायथ्याशी त्या एका बाकावर बसल्या. "माझे गुडघे दुखतायत. तुम्ही तिघं जाऊन या." गुडघे दुखत नव्हते हे मला कळत होतं. निनाद माझ्या कडेवर वरपर्यंत रडला. मी हट्टानं प्रत्येक दालन बघितलं, एकही आठवत नाही. तटावरून खाली पाहिलं तर तो कोट आणि ते बूट, एवढ्याशा दिसत होत्या आत्या. खाली आलो तेव्हा निनाद त्यांच्याकडे धावला. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, "आईकडे जा हो बाळा." तो गोंधळून उभा राहिला. मी त्याला उचललं. त्यांच्या मांडीवर द्यायला हवा होता, दिला नाही.

पाच वर्षांनी मे महिन्यात आम्ही मालगुंडला गेलो. निनादला त्या आठवतही नव्हत्या. एका दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत, हातांना तेल लावून फणस सोलत बसलो होतो. मी धीर करून म्हटलं, "आत्या, तेव्हा जर्मनीत मी फार वाईट बोलले."

"बोललीस खरी," त्या म्हणाल्या. मग एक गरा माझ्या हातावर ठेवून सांगायला लागल्या, "तुझं लग्न झालं ना, तेव्हा सुहास घरात शिरला की आधी तुला हाक मारायचा. मला इतका हेवा वाटायचा तुझा! आठ दिवस धड जेवल्ये नाही मी. कुणाला कळू दिलं नाही."

"मग?"

"मग काय? त्याला सांदणं आवडतात, ती तुला शिकवली. शिकवताना रडल्ये. तुला वाटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात. पाणी आणून दिलंस." आणि त्या खदखदून हसल्या.

मला ते पाणी दिलेलं आठवलं. मी खरंच धूरच समजले होते.

त्या दिवाळीच्या आधी आत्या गेल्या. आम्हाला वेळेवर पोचता आलं नाही. पुढे केव्हातरी निनादनं जेवताना विचारलं, "मी पहिला शब्द कोणता बोललो?" सुहासनं ताटातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 'आई' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता.

"आत्ती," मी सांगितलं.