पिंजऱ्यातला पंखा

पंखा मनोऱ्याच्या आत सापडला, ही चूक माझी. मनोरा म्हणजे उंचावरच्या कामासाठी लोखंडी नळ्यांचा, खाली चाकं असलेला जो सांगाडा उभा करतात तो. माझी मावशी असे दोन मनोरे भाड्याने देते. नुसते देत नाही, स्वतः लावते आणि स्वतः उतरवते. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती म्हणून सभागृहात तिने मला पुढे पाठवलं. "पहिल्या फळीपर्यंत लाव आणि माझी वाट बघ," असं बजावलं होतं. मी वाट पाहिली नाही. बंद पडलेला दिवा छताला होता, त्याच्या शेजारी लांब दांड्याचा पंखा लोंबत होता, आणि मी बरोबर त्या दोघांच्या खाली चाकं लावून चौकटीवर चौकट चढवत गेलो. पार पंख्याच्या वर. पात्यांना ओरखडा उठू नये म्हणून तिरप्या दांड्या किती जपून बसवल्या! दिवाही बदलून टाकला. शाबासकी घ्यायची तेवढी बाकी होती.

मावशी गाल धरून आली. तिने वर पाहिलं. गाल सोडला.

"पंखा कुठाय?"

"हा काय. आत."

"आत कसा गेला?"

"तो जागेवरच आहे, मावशी. मनोरा त्याच्याभोवती आलाय."

"असं. पोपट आधी, पिंजरा नंतर." ती जवळच्या खुर्चीत बसली. "आता पुढच्या दिव्याकडे कसा नेणार? पंख्याला म्हणणार, चल रे बाबा?"

खरं सांगायचं तर ढकलून मी आधीच पाहिलं होतं. मनोरा वीतभर सरकला आणि पंख्याचा दांडा वरच्या आडव्या नळीला खणकन लागला. हे मी मावशीला सांगितलं नाही. तिची दाढ दुखत होती.

मावशीबद्दल थोडं सांगायला हवं. कामाला निघताना ती काकांची जुनी पँट घालते, वर पट्टा आवळते आणि घरातून बाहेर पडेपर्यंत तीनदा म्हणते की या घरात एक माणूस धड नाही. काका पडल्यापासून धंदा तीच बघते. ते मनोऱ्यावरून पडले असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडले, बिस्किटांचा डबा काढताना. मावशी कुणाचा गैरसमज दूर करत नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ती फक्त सुस्कारा टाकून म्हणते, "आमच्या ह्यांनी पण अशीच घाई केली होती." मग गिऱ्हाईक चहा मागवतं.

या सभागृहाच्या व्यवस्थापकावर मात्र तो सुस्कारा चालत नसे. त्याला आम्ही दोनमिनिटे म्हणतो. आडनाव वेगळं आहे, पण जगातलं कुठलंही काम त्याच्या मते दोन मिनिटांचं असतं. दर महिन्याला नेमाने काम देणारं मावशीचं हे एकच ठिकाण, आणि गेल्या खेपेलाच तो म्हणाला होता, "बाई, एक मनोरा आम्हीच विकत घ्यावा म्हणतो. लावायचं काय, आमचा वॉचमन लावेल. पुढच्या खेपेला व्याख्यानाआधी हॉल रिकामा मिळाला तर बघू." म्हणजे त्या दिवशी उशीर झाला तर मावशीचं हे काम गेलंच.

तोच दोनमिनिटे पांढराशुभ्र शर्ट घालून आला. व्याख्यानाचा विषय 'तणावमुक्त जगणं' होता आणि पाहुणे वाटेत होते.

"अजून इथेच?" तो म्हणाला. "काढा की पंखा. दोन मिनिटांचं काम."

"हूक गंजलाय," मावशी म्हणाली. "जोर लावला तर पंखा निघायच्या आधी छत निघेल."

"मग मनोरा आडवा करा. आम्ही धरतो खालून."

मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती एरवी फक्त माझ्याकडे बघते. मला जरा बरं वाटलं.

"ज्या क्रमाने चढला त्याच्या उलट्या क्रमाने उतरेल," ती म्हणाली. "वरून खाली. एकेक तुकडा हातातून हातात. चल रे, हिरो. मधल्या फळीवर थांब आणि देईन ते घे."

ती आतल्या बाजूने चढली. वरच्या फळीतल्या झडपेतून निघून लगेच उभी राहिली नाही. पाय झडपेत सोडून फळीवर बसली आणि बसूनच कठड्याचे लांबचे खटके काढायला लागली. खटका म्हणजे दांडी निसटू नये म्हणून लावायची बोटभर पिन. सगळे खटके तिने माझ्याकडे टाकले. "खिशात ठेव. हरवलास तर तुला तिथे लावीन."

काम तिच्या लयीत चाललं होतं, म्हणजे सावकाश आणि शिव्या घालत. शिव्या नळ्यांना. "ये, ये, सासरी निघालीयेस का रडत?" असं अडकलेल्या दांडीला. लोक यायला लागले. पुढच्या रांगा भरल्या. व्याख्याते आले, त्यांनी आधी घड्याळाकडे, मग मावशीकडे आणि मग दोनमिनिटेकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर तणावमुक्त दिसत नव्हती.

मग दोनमिनिटेच्या डोक्यात काय आलं देव जाणे. त्याने वॉचमनला खूण केली आणि वॉचमनने मदत म्हणून खालचा एक टेकू सोडवला. मनोरा कलंडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना जे तिरके पाय लावतात, त्यातला एक. ते सगळ्यात शेवटी काढायचे असतात. पण ते हाताशी येतात ना, त्यामुळे मदत करणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसतात.

मावशीला चष्मा नसेल तर मी ओळखू येत नाही, पण मनोरा केसभर डुलला की तिला कळतं. तिचे हात थांबले.

"कुणी काढला?"

वॉचमनने दोनमिनिटेकडे पाहिलं.

"वजन कमी करतोय, बाई," दोनमिनिटे म्हणाला. "तेवढाच वेळ वाचेल."

"तू हलू नकोस," मावशी मला म्हणाली. मी तसाही हलणार नव्हतो. मग खाली बघून ती म्हणाली, "टेकू परत लागेपर्यंत मी इथून उठत नाही. माझी काही तक्रार नाही. वारा छान आहे."

वारा नव्हता. पंखा पिंजऱ्यात होता.

वॉचमन घाबरून टेकू हातात धरून उभा राहिला, वाढप्याने पळी धरावी तसा. शेवटी व्याख्यात्यांनीच घसा खाकरला आणि दोनमिनिटे गुडघ्यांवर बसला. पांढऱ्या शर्टात.

"कुठे लावायचा?"

"जिथून काढला तिथे."

"घट्ट झाला."

"धरून हलवा."

"हलतोय."

"मग घट्ट नाही झाला. पाय जमिनीला टेकलाय का?"

"जवळजवळ."

"साहेब, मी पण इथे जवळजवळ बसलेय."

पुढच्या रांगेतल्या एक आजी खुदकन हसल्या. दोनमिनिटेने परत सोडवला, खाली सरकवला, पुन्हा आवळला. तळहात काळे, शर्टाला बाहीपासून गंजाचा पट्टा. मावशीने वरूनच अंग जरा इकडून तिकडे टाकून पाहिलं. मनोरा खांबासारखा उभा. "आता बोला," म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. घाई नाही. उलट मला वाटतं, किंचित सावकाशच.

व्याख्यान बरंच उशिरा सुरू झालं. आम्ही गल्लीत टेम्पोत नळ्या भरत होतो तेव्हा दोनमिनिटे हात पुसत बाहेर आला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण हातातली नळी खालीही ठेवली नाही.

"तो राहिलेला दिवा," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात करा."

"तुमचा विकतचा मनोरा आला की वॉचमन करेल ना."

त्याने आपले काळे तळहात पुढे केले. "एक टेकू लावताना जीव गेला, बाई. तुम्हीच या. फक्त ह्याला आणू नका."

"ह्याला आणणार," मावशी म्हणाली. "नाहीतर मी ओरडू कुणावर?"

मग तिने खटके मोजायला घेतले. एक कमी. माझे दोन्ही खिसे उलटे झाले, बूटसुद्धा. आणि मला आठवलं: दिवा बदलताना हात मोकळा हवा म्हणून मी एक खटका पंख्याच्या दांड्यावर, पात्यांच्या वर असते त्या वाटीत ठेवला होता.

मावशी सरळ आत गेली, 'दीर्घ श्वास घ्या' या वाक्याच्या मधोमध भिंतीपाशी पोचली आणि पंख्याचं बटण बंद केलं. "कुणाच्या डोक्यात पडेल," एवढंच म्हणून बाहेर आली. लोकांनी उकाड्यातच दीर्घ श्वास घेतला.

बटणावर आता चिकटपट्टी आहे. खटका वरच आहे. तसला बाजारात सुटा मिळत नाही, म्हणून मावशीने दुसऱ्या मनोऱ्याचा एक काढून इकडे लावला आणि तो मनोरा कोपऱ्यात नुसता उभा आहे. रोज जेवताना ती हात पुढे करते. मी भाकरी देतो. ती म्हणते, "हे नाही."